शार्कच्या पंखाला स्टेशन लागत नाही

सेकंड हँड गाडी घेणारा माणूस टायरला लाथ मारून बघतो, बॉनेट उघडून काहीही कळत नसताना मान डोलावतो, दार आपटून पत्र्याचा आवाज ऐकतो. रेडिओ तेवढा लावून बघत नाही. सौदा होतो, आरसी नावावर होते, आणि मग पहिल्यांदा बटण दाबलं की संभाजीनगरात चिकलठाण्यापासून क्रांती चौकापर्यंत नुसती खरखर. इथून निदान सुरू होतं. निदान करण्यात आम्ही मंडळी, विशेषतः चाळिशी ओलांडलेली आणि घरात एक पाना बाळगणारी, कुणाला हार जात नाही. ‘डेक गेला!’ माझं म्हणणं असं की या दोन शब्दांमागे ज्ञान नसतं, इच्छा असते. डेक गेला म्हटलं की मोठ्या पडद्याचा, मागचा कॅमेरा दाखवणारा, नकाशे बोलणारा नवा डेक घ्यायला नैतिक अधिष्ठान मिळतं. एरियलचं बूड गंजलंय म्हटलं तर फक्त पॉलिश पेपर मिळतो. हा लेख त्या बुडाची वकिली करणार आहे. वकील स्वतः मोठ्या पडद्याच्या मोहातून सुटलेला आहे, असं मात्र कुणी समजू नये.

पुरावा आधी लांबीचा. आपल्या आकाशवाणीचं एफएम केंद्र १०१.७ मेगाहर्ट्झवर. तीनशेला या आकड्याने भागलं की लहरीची लांबी निघते, २.९५ मीटर, तिचा चतुर्थांश म्हणजे सुमारे ७४ सेंटिमीटर. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसिडरच्या मडगार्डवर जी ओढून लांब करायची काठी असायची, ती पुरती ओढली की याच मापाच्या आसपास का भरायची, ते यातून कळतं. काठीची उंची लहरीने ठरवली होती, मालकाच्या हौसेने नव्हे. पुढे छतावर आखूड रबरी दांडी आली. तिच्या आत तार गुंडाळून लांबीची चोरी झाकलेली असते आणि पुष्कळदा बुडाशी एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर बसवून उरलेली उणीव भरलेली असते. इथवर ठीक होतं. पण मग महागड्या गाड्यांच्या छतावर शार्कच्या पंखासारखा तो उंचवटा दिसू लागला आणि कार डेकोरच्या दुकानांत त्याची प्लास्टिकची प्रतिकृती टांगली गेली. खाली दुहेरी चिकटपट्टी, आत हवा. तार नाही, जोडणी नाही, काही नाही. पंधरा वर्षांच्या हॅचबॅकवर असा पंख चिकटवायचा, तो शोभावा म्हणून मूळची रबरी दांडी पिळून काढून डिकीत टाकायची, आणि मग स्टेशन लागत नाही म्हणून आकाशवाणीला नावं ठेवायची, असा हा क्रम असतो. यावर हसण्याचा अधिकार मला कितपत आहे, याचा हिशेब मी इथे देत नाही. एवढंच सांगतो की तो पंख चांगला दिसतो. मारुतीसुद्धा त्याने जरा रागीट दिसते.

दुसरा पुरावा पत्र्याचा. एरियल म्हणजे फक्त काठी, हा समज अर्धाच खरा आहे. काठी हा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे खुद्द गाडीचा पत्रा. काठीचं बूड पत्र्याला उघड्या धातूने भिडलं पाहिजे, यालाच इलेक्ट्रिशियन अर्थिंग म्हणतो. जुन्या गाडीत नेमकं तिथेच पाणी मुरतं. एक-दोन पावसाळे गेले की रबरी वॉशर तडकतो, खाली गंज धरतो. त्यात आधीच्या मालकाने गाडी विकण्यापूर्वी मारलेला रंगाचा हात बुडाखालीही गेलेला असतो. बाहेरून सगळं चकचकीत आणि आत अर्थिंग गायब. पत्रा आणि रेडिओ यांचं हे नातं गाडीच्या रेडिओइतकंच जुनं आहे. अमेरिकेत १९३० साली गॅल्व्हिन कंपनीने मोटोरोला नावाचा गाडीतला रेडिओ बाजारात आणला, तेव्हा गाड्यांची छतं कापडी असायची आणि एरियलची जाळी त्या कापडातच दडवता यायची. १९३५च्या सुमारास जनरल मोटर्सने अखंड पोलादी छत आणलं आणि छतातल्या एरियलचा कारभार आटोपला. बिचाऱ्याला पायठेवणीच्या फळीखालीसुद्धा लपावं लागलं. पोलादाखाली लहर पोचत नाही, हे तेव्हापासून ठाऊक असलेलं सत्य चिकटपट्टीवाल्या पंखाच्या वाट्याला आलेलं नाही.

‘हे सगळं तुम्ही पुस्तकातून सांगता, दोष डेकमध्ये नाही हे कशावरून?’ असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. त्याला उत्तर एका तारेचं आहे. डेक बाहेर ओढायचा, मागची एरियलची जाड पिन काढायची, त्या भोकाच्या मध्यभागी पाऊण मीटर साधी वायर खुपसायची आणि तिचं दुसरं टोक खिडकीबाहेर सोडायचं. स्टेशन खणखणीत लागलं तर डेक निर्दोष. गुन्हेगार बुडात किंवा मधल्या केबलमध्ये आहे. मग मल्टीमीटर लावून केबलचं बाहेरचं वेष्टण पत्र्याशी जोडलेलं आहे ना आणि मधल्या तारेशी कुठे चिकटलेलं तर नाही ना, एवढं बघायचं. आधीच्या मालकाने डेक बदललेला असेल तर मागे लोंबणारी निळी वायर शोधावी. बहुतेक डेकमध्ये तीच एरियलच्या अ‍ॅम्प्लिफायरला बारा व्होल्ट पुरवते, आणि घाईने बसवणाऱ्याने ती जोडलेलीच नसते. आणखी एक गंमत स्वस्तातल्या पडद्यांची. त्यांच्या सेटिंगमध्ये देश म्हणून अमेरिका राहिलेली असते. तिकडची स्टेशनं दशांशानंतर विषम आकड्यावरच असतात, त्यामुळे असा डेक १०१.७ वर थांबतो, पण एमजीएमच्या कम्युनिटी रेडिओच्या ९०.८ ला ९०.७ वरून थेट ९०.९ वर उडी मारतो. कम्युनिटी रेडिओ आधीच १०० वॉटच्या मर्यादेत बोलणारा. त्यात आपण त्याच्या दारावरून शेजाऱ्याच्या घरात शिरायचं आणि म्हणायचं, ‘यांचा आवाज येत नाही.’

खरखरीतसुद्धा जाती आहेत. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवल्यावर रेडिओ स्वच्छ आणि इंजिन सुरू करताच टकटक, तर संशय प्लगच्या वायरींवर. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी शिट्टी असेल तर अल्टरनेटर. आणि दोन्ही नसेल तर मोबाईलचा चार्जर उपटून बघावा. सिगारेट लायटरच्या भोकात बसणारे हलके चार्जर आणि हौसेने लावलेले पांढरे एलईडी दिवे आतल्या आत इतक्या वेगाने चालू-बंद होत असतात की त्यांचा कचरा थेट एफएमच्या पट्ट्यात सांडतो. पुन्हा तेच: आधी हौस, मागून खरखर.

आता मोठा आक्षेप. ‘अहो, इथे सिग्नलच कमजोर. मुंबई-पुण्यासारखं कुठे आहे आपल्याकडे?’ यातला पहिला अर्धा भाग मी मान्य करतो. एफएमची लहर जवळजवळ नजरेच्या रेषेत जाते. देवगिरीचा सुमारे दोनशे मीटर उंच डोंगर किंवा खुलताबादचा चढ आडवा आला की ती अडखळणारच. चौकातल्या सिग्नलवर गाडी उभी असताना आवाज फाटतो आणि हातभर पुढे घेतली की सुधारतो, तेही खरं. इमारतींवरून परतलेली लहर सरळ आलेल्या लहरीला तिथे छेद देत असते. पण ‘मुंबई-पुण्यासारखं’ हे ऐकून मात्र माझ्यातला संभाजीनगरकर उठून बसतो, आणि इथे थोडं विषयांतर होणार आहे. १५ ऑगस्ट १९४७ या दिवशी भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. संस्थानांकडे आणखी पाच होती: म्हैसूर, त्रावणकोर, बडोदा, हैदराबाद आणि, खुर्ची घट्ट धरा, औरंगाबाद, म्हणजे आजचं आमचं संभाजीनगर. पुण्याचं नाव यात नाही. नागपूरला केंद्र आलं १९४८ मध्ये, पुण्याला १९५३ मध्ये. म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या नकाशावर मुंबईखालोखाल रेडिओ केंद्र होतं ते आमच्याकडे! पुणेकर भेटला की ही यादी कुठल्याही विषयावरून काढता येते. पाण्यावरून, मिसळीवरून, हेल्मेटवरून. मी तर म्हणतो, शाळेत शहराच्या बावन्न दरवाजांबरोबर हीही पाठ करून घ्यावी. ‘आकाशवाणी’ हा शब्दसुद्धा दिल्लीने म्हैसूरच्या केंद्राकडून उचललेला आहे. म्हणजे त्या यादीतल्या आमच्या भावंडाकडून. या नात्याने त्या शब्दावर आमचाही थोडा हक्क सांगता येतो, पण तो मी सध्या राखून ठेवतो.

या अभिमानात एक मोठा खडा आहे आणि तो मी इतका वेळ तोंडात धरून होतो. केंद्र होतं, पण निजामाचं होतं. देश स्वतंत्र झाल्याच्या रात्री मराठवाडा स्वतंत्र नव्हता. त्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावं लागलं. ज्या यंत्रावर मी आज मिरवतो, ते त्या तेरा महिन्यांत माझ्या माणसांच्या बाजूने बोलत नव्हतं. १९५० मध्ये हैदराबादबरोबर औरंगाबादचं केंद्रही आकाशवाणीकडे आलं. तेव्हा ही यादी पुणेकराला ऐकवताना आवाज जरा खाली ठेवावा हे बरं. उत्तरात त्याने निजामाचं नाव काढलं तर आपल्याकडे मिसळीशिवाय विषय उरत नाही.

असो. शेवटचा आणि सगळ्यांत तरुण आक्षेप: ‘रेडिओ हवाच कशाला? ब्लूटूथ आहे.’ आहे ना. ब्लूटूथवर मला आवडतं तेच वाजतं, आणि माझी आवड मला फार आवडत असल्यामुळे मी ते तासन्‌तास ऐकूही शकतो. पण पावसाळ्यात प्रादेशिक बातम्यांत जायकवाडी धरणाची टक्केवारी सांगतात, तिचं काय? ज्या शहराच्या नळाला वर्षानुवर्षं आठ-आठ दिवसांनी पाणी आलं, तिथे जायकवाडीचा नाथसागर किती भरला हा आकडा कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त ऐकला जातो. तो मोबाईलवर मिळतो हे मान्य. पण मोबाईलवर तो मला एकट्याला मिळतो. रेडिओवर तो शेजारच्या टेम्पोवाल्याला, पैठण रोडवरच्या टपरीला आणि धरणाखाली गोदाकाठी राहणाऱ्या माणसाला एकाच क्षणी सांगितला जातो. त्यातल्या एखाद्यासाठी धरणाचे दरवाजे उघडणार की नाही हा घर आवरण्याचा प्रश्न असतो. ऑगस्ट २००६ मध्ये गोदावरी पैठणात शिरली होती. जोराचा पाऊस आला, टॉवर बंद पडला की मोबाईल गप्प होतो. पत्र्याला नीट भिडलेली पाऊण मीटरची काठी तेव्हाही ऐकत असते.

आणि इथे मला खरोखर चीड येते. मोबाईलमधला एफएम कसा गेला बघा. इअरफोनची वायर हीच त्याची एरियल होती. फोन सडपातळ दिसावा म्हणून वायरचं भोक बुजवलं, एरियल गेली, मागोमाग रेडिओही काढून टाकला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारला मोबाईल कंपन्यांना सांगावं लागलं की आपत्तीत लोकांना उपयोगी पडतो, तर एफएम बंद करू नका. म्हणजे देखणेपणासाठी एरियल कापण्याचा उद्योग फक्त आमच्या गल्लीतल्या हॅचबॅकवर चालतो असं नाही. तो अब्जावधींची उलाढाल करणारेही करतात. त्यांना निदान त्यातून पैसे मिळतात. आम्ही पंखासाठी पदरचे देतो.

‘एवढी उस्तवार करण्यापेक्षा नवा डेक बसवून मोकळं व्हावं,’ असं यावरही कुणी म्हणेल. बसवावा. पडदा सुंदर दिसेल, मागचा कॅमेरा कॉलनीतली कुत्री स्पष्ट दाखवेल. मात्र त्याच्या मागे तीच गंजकी केबल, त्याच गंजक्या बुडातून आलेली, त्याच भोकात जाईल आणि खरखर आता दोन जास्तीच्या स्पीकरांतून ऐकू येईल. त्यापेक्षा एक सुटीची सकाळ, पॉलिश पेपर, थोडं ग्रीस, नवा रबरी वॉशर आणि डिकीतून शोधून काढलेली मूळची दांडी. बसवणारा ‘साहेब, एवढंच?’ असं निराश होऊन विचारेल. त्याला चहा पाजावा. एवढं करूनही कन्नडच्या पुढे, औट्रम घाट उतरताना १०१.७ विरत जाईल, कारण तिथे पठारच संपतं आणि कडा आडवा येतो. तिथे कुणीही ‘डेक गेला’ म्हणू नये. म्हणायचंच असेल तर चाळीसगावात उतरून, गाडीतल्या इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणावं.