हायवे टच साडू

आमच्या साडूंनी नागपूर सोडून खापरखेड्याला यायचं ठरवलं, ते एका गॅलरीमुळे. गॅलरी त्यांची नव्हती. २०२५च्या सप्टेंबरात अशोक चौकातल्या एका घराचा फोटो सगळ्या देशानं मोबाइलवर पाहिला. इंदोरा ते दिघोरी हा ९९८ कोटींचा उड्डाणपूल वळण घेता घेता त्या घराच्या गॅलरीत शिरला होता. चूक पुलाची की गॅलरीची, यावर मग कागदोपत्री बराच खल झाला. साडूंचं घर महालात, पुलापासून चांगलं लांब. पण त्या दिवसापासून ते गॅलरीत चहाला बसले की आधी डावीकडे बघायचे, मग उजवीकडे, आणि मगच बशीत चहा ओतायचे.

“भाऊजी, इथं राहण्यात आता अर्थ नाही,” ते मला म्हणाले. “तुमच्याकडे पूलबिल काही नाही ना?”

मी म्हटलं, “पूल नाही. रस्ताही आहे असं ठामपणे सांगवत नाही.”

पण तोवर त्यांच्या हातात लेआउटचं पत्रक पडलं होतं. नागपूरचा माणूस लग्नपत्रिका उडत उडत वाचतो, लेआउटचं पत्रक मात्र पोथीसारखं. एनएमआरडीए मंजूर, आरएल, चोवीस तास पाणी, आणि वर ठळक अक्षरांत ‘हायवे टच’. खाली अंतरं दिलेली. कोराडी मंदिर सात मिनिटं. मेट्रो दहा मिनिटं. विमानतळ वीस मिनिटं.

ज्या गावात झिरो माइलचा खांब उभा आहे, ज्या गावाला सगळ्या देशाची अंतरं आपल्यापासून मोजली जातात असा अभिमान आहे, त्याच गावात किलोमीटर हे माप कधी बंद पडलं ते कुणाला कळलंच नाही. आता सगळं मिनिटांत. ही मिनिटं कुणाच्या घड्याळातली, हे मी बावीस वर्षांच्या अपडाउननंतर सांगू शकतो. पहाटे अडीचला, ट्रकवाले चहाला थांबलेले असताना, पोटात कळ आलेल्या माणसाच्या घड्याळातली.

खापरखेड्याहून नागपूरला जायचे दोन रस्ते. एक कोराडीवरून, एक कामठीवरून. जो चालू असतो तो नेहमी दुसरा असतो. पूर्वी तिसरा मार्ग होता, नागपूर-छिंदवाड्याची छोटी रेल्वे. तिच्यातून उतरून लघुशंका करून पुन्हा चढता यायचं, पण ती पोचायची. मोठी लाइन टाकायला २०१५मध्ये ती बंद केली. मोठी लाइन झाली, मोठी गाडीही आली. तिच्या वेळा आणि आमच्या साहेबाच्या वेळा मात्र एकमेकींना आजतागायत भेटलेल्या नाहीत.

कामठी रोडवर पाच-सहा वर्षं मेट्रो आणि उड्डाणपूल एकाच खांबावर चढत होते. २०२४च्या ऑक्टोबरात तो ५.६७ किलोमीटरचा डबलडेकर खुला झाला. गड्डीगोदामला तर चार मजले आहेत: खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. पाहुणे आले की मी मुद्दाम दाखवायला नेतो. पण त्याआधीचा वर्धा रोडवरचा डबलडेकर मला जास्त प्रामाणिक वाटतो. तो गिनीज बुकात गेला, आणि त्याची लांबी आहे ३.१४ किलोमीटर. शाळेत भूमिती शिकलेल्यांना कळेल, ३.१४ म्हणजे पाय. वरच्या मजल्यावर मेट्रो, मधल्या मजल्यावर गाड्या, आणि खाली आपले पाय.

काम संथ चालतं असा आरोप मी करणार नाही. याच विदर्भात, अमरावती ते अकोला, २०२२च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला. तोही गिनीज बुकात आहे. म्हणजे सव्वाचार दिवसांच्या थोडं वर. आमच्या नाक्यावर एक नाली आहे. रस्त्याच्या आरपार, साधारण दोन म्हशी आडव्या बसतील एवढी. ती गेल्या पोळ्याला खणली, या पोळ्याला तिच्यात बेडकांची तिसरी पिढी नांदते आहे. बाजूला फलक: ‘काम प्रगतीपथावर. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ प्रगतीपथ वेगळा आणि हा पथ वेगळा, एवढंच आम्हाला उशिरा कळलं.

आणि उशीर काही फक्त आमच्याच नशिबी आलेला नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची दिल्लीतली स्वतःची इमारत २००८मध्ये ठरली आणि २०२०मध्ये उभी राहिली. उद्घाटनाला आपले गडकरीसाहेब म्हणाले की, ज्यांच्यामुळे एवढा उशीर झाला त्या अधिकाऱ्यांचे फोटो इथं भिंतीवर लावा. कल्पना नामी आहे. आमच्या नाक्यावर लावायची म्हटली तर फक्त भिंत कमी पडेल, आणि भिंत बांधायचं टेंडर काढावं लागेल.

आता थोडं आमच्या गावाबद्दल, कारण साडूंना हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे १,३४० मेगावॅटचं वीज केंद्र आहे. २१०चे चार संच, ५००चा एक. शेजारी सिल्लेवाड्याच्या, वलनीच्या कोळशाच्या खाणी, आणि पलीकडे कोराडीच्या चिमण्या. कोळसा आमच्या अंगणातून निघतो, वीज तुमच्या घरी जाते, मध्ये राख उरते ती आमच्याकडे राहते. पांढरा शर्ट खापरखेड्यात दोन तास वाळत घातला की राखाडी होतो. त्याला आम्ही इस्त्रीचा खर्च वाचला असं म्हणतो.

या राखेचं करायचं काय, म्हणून केंद्र सरकारनं १९९९मध्ये अधिसूचना काढली: वीज केंद्राजवळच्या विटांत राख मिसळा, आणि पुढे रस्त्यांच्या भरावातही ती वापरा. आधी ५० किलोमीटरच्या परिघात, मग १००, २०१६ साली ३००. म्हणजे तुम्ही मध्य भारतात कुठल्याही नव्या भरावावरून गाडी हाकत असाल तर खाली आमच्यासारख्याच कुठल्या तरी गावाची राख असायची शक्यता आहे. जपून चालवा. रस्ता आमच्या राखेचा, त्यावरचे दिवे आमच्या कोळशाचे, आणि त्याच रस्त्यावर राखेच्या ट्रकमागे स्कूटर घेऊन रोज सकाळी कोण उभं असतं, तर मी. खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायचं असतंच. आमच्या तर गावाच्या नावातच त्याची सोय आहे.

तर साडूंनी प्लॉट घेतला, घर बांधलं आणि सामान हलवायचा दिवस काढला. गुरुजींनी दूध उतू घालायचा मुहूर्त दिला अकरा सतराचा. पत्रकाप्रमाणे महाल ते खापरखेडा चाळीस मिनिटं. साडू हिशेबी माणूस, म्हणून त्यांनी दोन तास धरले. मी फोनवर म्हटलं, रात्रीच निघा. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतो आहे.

एक छोटा हत्ती ठरवला. लोखंडी कपाट, पलंग, सासूबाईंची शिवण मशीन, लोणच्याच्या तीन बरण्या, तुळस, देव, आणि अगदी मागे, दोराला टेकून, सासूबाई स्वतः. देवांना एकटं पाठवायचं नाही असं त्यांचं म्हणणं. दुधाची कॅन त्यांच्याच मांडीवर. आमची साळी आणि साडू मागून मोटारसायकलवर.

नऊला निघाले. साडेनऊला कोराडी रोडला वळले, तर एक पोरगा लाल झेंडी घेऊन उभा.

“काकाजी, हा रस्ता बंद हाय. कामठीकडून घ्या लागते.”

“अरे, काल रात्रीपर्यंत तर चालू होता ना बे!”

“रात्री चालू होता. आता काम चालू हाय.”

हत्ती फिरला. कामठी रोडला पोचला तेव्हा तिथल्या डायव्हर्जनचा बाण कोराडीकडे दाखवत होता. दोन रस्ते एकमेकांकडे बोट दाखवून उभे असले की मधल्या माणसानं काय करावं, हे मी साडूंना लग्नाच्या आधीपासून सांगत आलो आहे, पण तो विषय वेगळा.

सव्वाअकराला हत्ती एका कच्च्या सर्व्हिस रोडवर राखेच्या दोन ट्रकांच्या मधोमध उभा होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद करून खर्रा घोटायला घेतला. साडूंनी विचारलं, “किती वेळ लागन बाप्पा?” तो म्हणाला, “लागन पाऊन घंटा.” त्यानं हे इतक्या मायेनं सांगितलं की साडूंना धीर आला. पाऊण तासानं पुन्हा विचारलं, तेव्हाही त्यानं तेवढ्याच मायेनं तेच सांगितलं.

दुधाचा मात्र धीर सुटला. मे महिन्याचं ऊन, पत्र्याची कॅन. अकरा सतराला सासूबाईंनी झाकण उघडलं तर दूध फाटलेलं. त्यांनी क्षणभर विचार केला, आणि शेजारच्या ट्रकच्या क्लीनरला विचारलं की साखर आहे का. हत्ती खापरखेड्याला लागला तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते, आणि दोन ट्रकांच्या चार माणसांनी साडूंच्या नव्या घराचा प्रसाद, म्हणजे कलाकंदाच्या जवळपास जाणारा एक पदार्थ, घरात शिरण्याआधीच खाल्ला होता. तुळस तेवढी राखाडी झाली होती. मी म्हटलं, “साडूभाऊ, आता तुम्ही इथले झालात.”

सामान उतरवताना फाटकाशी एक दगड दिसला. कमरेइतका, नवाकोरा, वरचा भाग केशरी रंगवलेला, बाजूला काळे आकडे. सकाळपर्यंत तो तिथं नव्हता. साडूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “हे काय हो?” मी असे दगड पुष्कळ पाहिले आहेत. रुंदीकरणाची मोजणी झाली की ते उगवतात, आणि त्यांच्या अलीकडचं काय ठेवायचं आणि पलीकडचं काय पाडायचं हे ते ठरवतात. साडूंचं फाटक, अंगण आणि पुढची खोली दगडाच्या चुकीच्या बाजूला होती. हायवे टच म्हणजे हायवे नक्की कुणाला टच करणार, हे पत्रकात लिहायचं राहिलं होतं.

हे कसं सांगावं या विचारात मी असताना सासूबाई हत्तीवरून उतरल्या. पाच तास देवांशेजारी बसलेल्या बाईला फाटकाशीच केशरी दगड दिसला. त्यांनी पदर सावरला, बटव्यातून हळदकुंकू काढलं, दगडाला लावलं, आकड्यांवरसुद्धा. मग दूध नाही तर नाही, म्हणून नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीवाला पोरगा टेप घेऊन आला. दगडावर झेंडूचा हार होता, उदबत्ती जळत होती, आणि लेआउटमधल्या तीन बायका पाण्याचे तांबे घेऊन रांगेत होत्या. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, चप्पल काढली, नमस्कार केला, आणि साहेबाला फोन लावून हळूच विचारलं, “सर, लाइन थोडी पलीकडून घेता येईन का?”