विमान कंपनीचे जावई

सातारा–स्वारगेट विनाथांबा गाडीच्या डिकीत एक बॅग होती आणि तिच्या मुठीला सोनेरी टॅग लटकत होता. त्यावर ‘प्रायॉरिटी’ असं छापलेलं. स्वारगेटला ती बॅग कांद्याच्या पोत्याखालून सगळ्यात शेवटी निघाली, तरी मालक रागावले नाहीत. त्यांनी खिशातला रुमाल काढून टॅग पुसला आणि मला म्हणाले, “फ्रँकफर्टला पट्ट्यावर पहिल्या दहांत येते ही.”

हे आमचे दाजी. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान, म्हणजे नात्याने माझे साडू. पण साडू म्हणायला थोडी बरोबरी लागते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. तुमच्याकडे ते आतेभाऊ असतील किंवा सोसायटीचे सेक्रेटरी असतील. खूण सगळीकडे एकच. कोणाची मुलगी सिंगापूरला निघाली म्हटलं की बाकीचे विचारतात, “नोकरी की शिक्षण?” हा माणूस विचारतो, “टर्मिनल दोन की तीन?”

दाजी चाकणच्या एका कारखान्याचे गिअर जर्मनीत विकतात. तिकीट कंपनी काढते, झोप दाजींची जाते आणि मैल दाजींच्या खात्यात जमा होतात. अशी बारा-पंधरा वर्षं झोप मोडून त्यांनी गोल्ड कार्ड मिळवलं आहे. एखाद्याने पीएफमधून फ्लॅट घ्यावा तसं.

सासुरवाडीला दाजी थोरले जावई. धोंड्याच्या महिन्यात येणारे तेहतीस अनारसे ते मोजून घेतात. खात एकही नाहीत, शुगर आहे. मला पूर्वी वाटायचं, हा मोजण्याचा नाद कुठून आला? आता कळतं की विमान कंपन्यांनी नेमकी हीच नस पकडली आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ साली न्यूयॉर्कच्या ला ग्वार्डिया विमानतळावर पहिला अ‍ॅडमिरल्स क्लब हा लाउंज उघडला, तेव्हा आत जायला पैसे चालत नसत, आमंत्रण लागे. म्हणजे मानपानच की! पुढे याच कंपनीने १ मे १९८१ रोजी मैल मोजून मान देण्याची योजना सुरू केली. तारीख महाराष्ट्र दिनाची आहे, हा योगायोग असावा असं दाजींना मुळीच वाटत नाही.

फरक एवढाच की सासुरवाडीचा जावई जन्माचा असतो आणि विमान कंपनीचा वर्षावर्षाचा. दर वर्षी परीक्षा. उदाहरणार्थ, सिंगापूर एअरलाइन्सचं गोल्ड हवं तर बारा महिन्यांत पन्नास हजार मैल. कमी पडले की मान गेला, मग तुम्ही आदल्या वर्षी पृथ्वीला चार फेऱ्या मारलेल्या असोत. दाजींना एकदा थोडेसेच कमी पडत होते आणि मुदतीला तीन दिवस उरले होते. ते सकाळच्या विमानाने मुंबईहून दिल्लीला गेले आणि संध्याकाळच्या विमानाने परत आले. दिल्लीत काम काय होतं? काहीच नाही. विमानतळाबाहेर पडले ते फक्त पुन्हा आत शिरण्यासाठी. अक्का म्हणाल्या, “निदान गाजराचा हलवा तरी आणायचा.” दाजी म्हणाले, “आणलंय ना,” आणि मोबाइलवर आकडा दाखवला.

नियमांच्या बाबतीत तर ते पोथी सांगणाऱ्या बुवांसारखे आहेत. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाची स्थापना १९९७, कंपन्या तेव्हा पाच. एअर इंडिया त्यात आली ११ जुलै २०१४ ला. ही तारीख त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा लवकर आठवते, हे अक्कांचं दुःख आहे. गोल्डवाला साध्या इकॉनॉमीत बसणारा असला तरी लाउंजमध्ये जाऊ शकतो. सोबत पाहुणा एक. पाहुण्यानेही त्या दिवशी अलायन्सच्याच विमानाने निघालेलं असलं पाहिजे. उतरल्यावर हक्क नाही, निघतानाच. हे सगळं ते वरण वाढून घेता घेता सांगतात.

त्यांचा आवडता अध्याय अमेरिकेचा. अलायन्समधल्या युनायटेड कंपनीचा स्वतःचा गोल्डवाला अमेरिकेतल्या अमेरिकेत उडत असेल, तर नुसत्या त्या कार्डावर त्याला युनायटेडच्याच क्लबात घेत नाहीत. मात्र अलायन्समधल्या परक्या कंपनीचं गोल्ड कार्ड घेऊन कोणी बाहेरचा आला की, या बसा. दाजी इथे घास हातात धरून थांबतात. “घरजावयाला किंमत नसते हो,” ते म्हणतात, आणि माझ्याकडे बघतात. मी सासूबाईंच्या घराखालीच राहतो.

सिंगापूरच्या चांगी विमानतळाचा अध्याय थोडा खाजगी आहे. सिंगापूर एअरलाइन्सच्या बिझनेस क्लासवाल्यांना एक लाउंज, आणि आमच्या दाजींसारख्या इकॉनॉमीतल्या गोल्डवाल्यांना वेगळा. टर्मिनल तीनमधल्या त्या वेगळ्या लाउंजात काही वर्षांपूर्वीपर्यंत स्वच्छतागृहच नव्हतं. म्हणजे मान मिळवायला आत जायचं आणि नैसर्गिक विधीला पुन्हा जनतेत यायचं. दाजी तिथे कॉफी बेताने पीत.

आणि एक जखम आहे. फ्रँकफर्टला लुफ्तान्साचं फर्स्ट क्लासवाल्यांसाठी अख्खं निराळं टर्मिनल आहे, २००४ पासूनचं. तिथे आंघोळीला टब आहे, टबाजवळ रबराचं बदक मिळतं, आणि विमानापर्यंत मोटारीतून सोडतात. गोल्ड कार्ड तिथे चालत नाही. दाजी एकदा बाहेरून बघून आले. त्यांच्या साहेबांच्या टेबलावर पेपरवेटच्या शेजारी असलं एक बदक आहे. दाजी केबिनमध्ये गेले की त्याच्याकडे पाठ होईल अशा खुर्चीत बसतात.

सुतकही पाळून झालं आहे. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज जमिनीवर आली तेव्हा दाजींकडे तिचं प्लॅटिनम होतं. ते कार्ड अजून देव्हाऱ्याच्या खालच्या खणात आहे, वडिलांच्या घड्याळाशेजारी.

इतकं असूनही मी दाजींना लाउंजमध्ये प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. ती संधी काशीयात्रेमुळे आली. दोघी बहिणींनी ठरवलं, चौघांनी मिळून जायचं. विमान नऊ पन्नासचं, दाजींनी आम्हाला मुंबई विमानतळावर सहाला उभं केलं. “घरून काही खाऊन निघू नका,” ही आदल्या रात्रीची सूचना. अक्कांनी तरीही धपाटे घेतले होते. बायकांना व्यवस्थेवर विश्वास नसतो, असं दाजी म्हणाले.

लाउंजच्या दारात रांग होती. चांगली तीस-चाळीस माणसांची, कडेवर पोरं, पायात चपला, प्रत्येकाच्या हातात बँकेचं कार्ड. दाजींना रांग पाहून कसंसंच झालं. देवळात मानकऱ्याला दर्शनबारीतून यायला सांगावं तसं. गोल्डवाल्यांची वेगळी ओळ कुठली, असं त्यांनी विचारलं. “सर, सगळ्यांची हीच आहे,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. मग आमचा नंबर आला. तिने कार्ड पाहिलं, आम्हा चौघांना पाहिलं आणि मराठीतच म्हणाली, “तुमच्यासोबत एकच गेस्ट, सर.”

हा नियम आम्हाला कोणी शिकवला होता? दाजींनीच! पण नियम पाठ असणं वेगळं आणि आपल्यावर येणं वेगळं.

अक्का म्हणाल्या, “धाकटी बाहेर बसणार आणि मी आत उपमा खाणार? मी नाही यायची.”

आता दाजींच्या चेहऱ्यावर ते लहानपणचं कोडं उमटलं: नदी, होडी, वाघ, शेळी आणि गवताची पेंढी. दोघी बहिणींना आत पाठवावं तर कार्डवाल्याशिवाय पाहुण्याला प्रवेश नाही. मला न्यावं तर अक्का वाराणसीपर्यंत बोलणार नाहीत. मेहुणीला न्यावं तर परत आल्यावरही बोलणार नाहीत. एकट्याने जावं, तर मग मान बघायला कोण? मला वाटतं, हा शेवटचा मुद्दा त्यांना सगळ्यात जड गेला. लाउंजचा उपमा काही घरच्यापेक्षा चांगला नसतो. त्याला चव येते ती बाहेर कोणीतरी ताटकळत असल्याची.

रांग मागून कुरकुरायला लागली. तेवढ्यात माझ्या बायकोने पर्समधून सरकारी बँकेचं रुपे डेबिट कार्ड काढलं, भिशीचे पैसे काढायला वापरते ते. “हे चालतं का गं?” मुलीने यंत्राला लावलं, कागदाची पट्टी बाहेर आली. दोन रुपये. मीही माझं पुढे केलं. आणखी दोन रुपये. चार रुपयांत आम्ही दोघं आत, आणि मागोमाग दाजी, पाहुण्या म्हणून अक्कांना घेऊन.

आत तोच मेदूवडा, तीच खुर्ची, तेच कॉफीचं यंत्र. दाजींनी ताट वाढून घेतलं पण हात पुढे जाईना.

“दोन रुपये?”

“दोन,” माझी बायको म्हणाली. “दाजी, चटणी घ्या की, छान आहे.”

“तुमचं तीन महिन्यांतून एकदाच असणार. माझं कितीही वेळा.”

“आम्ही तीन वर्षांतून एकदा निघतो.”

दाजींनी मग आम्हाला समजावलं की हे फार दिवस टिकणार नाही. क्रेडिट कार्डांना तर बँकांनी आधीच्या तिमाहीत अमुक हजार खर्च केलेच पाहिजेत अशा अटी घातल्याच आहेत, डेबिटवाल्यांचीही पाळी येईल. हे सांगताना त्यांचा आवाज हळूहळू पूर्ववत झाला. शेजारच्या टेबलावर एक मुलगा पोह्यांवर केचप घालत होता. दाजींनी त्याच्याकडे बघून घेतलं आणि मला हळूच म्हणाले, “क्रेडिट कार्ड.” मी मान डोलावली. अक्कांनी धपाटे काढले आणि चौघांनी लाउंजची दही-वाटी घेऊन तेच खाल्ले.

बोर्डिंगची घोषणा झाली. इथे मात्र मान चालला. गोल्डवाल्यांना आधी बोलावलं, दाजी टॅग पुढे येईल अशी बॅग धरून चालू लागले आणि आमच्याकडे वळून त्यांनी हात केला, आगगाडीतून करतात तसा. पुढे बस होती. दाजी सगळ्यांआधी चढले आणि पार आत, पलीकडच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. बस भरायला वीस मिनिटं लागली. आम्ही अगदी शेवटी चढलो, त्यामुळे दाराला चिकटूनच उभे होतो. बस विमानाजवळ थांबली, दार उघडलं, आम्ही उतरलो आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पोचलो तेव्हा मी मागे पाहिलं. बसमध्ये माणसांच्या पलीकडे एक हात उंच झाला होता, आणि हातातला सोनेरी टॅग उन्हात चमकत होता.