बेनामी राखाडी

राखाडी रंगाच्या बाबतीत मी स्वतःला तज्ज्ञ समजतो. साडीच्या दुकानात आमसुली कुठली आणि वांगी कुठली हे मला बायकोला विचारावं लागतं, पण विमानाचं पोट दिसलं, की डोळे बारीक करून मी म्हणतो, “ही जरा निळ्याकडे झुकते.” समोरचा गप्प बसतो. तो आदर आहे, असं मी धरून चालतो.

आता विमानांची मॉडेल्स रंगवायला एनॅमल की अ‍ॅक्रिलिक? एनॅमल सावकाश वाळतं, छान पसरतं आणि त्याचा वास थेट स्वयंपाकघरात पोचतो. म्हणून मी अ‍ॅक्रिलिकवाला. पाहुण्यांना मात्र तांत्रिक कारणं सांगतो. खऱ्या विमानाचा रंग १/७२ मॉडेलला जसाच्या तसा दिला तर गडद दिसतो, त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो वगैरे. थोडा म्हणजे किती, यावरून मैत्र्या तुटतात.

आणि या रंगांसाठी म्हैसुरात बसून मी कुरिअरची वाट बघायची! ज्या गावात नाल्वडी कृष्णराज वडेयरांनी १९३७ साली लाखेचा आणि रंगांचा कारखाना काढला, त्या गावात! मतदारांच्या बोटाला लागणारी शाई १९६२च्या निवडणुकीपासून इथेच बनते. मतदानाच्या दिवशी अख्ख्या देशाच्या डाव्या तर्जनीवर आमचं गाव असतं. त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट. उजेड लागला की काळं पडतं, आणि नख वाढून कापलं जाईपर्यंत हटत नाही. साबण, लिंबू, पक्षांतर, कशानेही नाही. माझा रंग मात्र मास्किंग टेप ओढली की टेपबरोबर निघून येतो. प्रायमर देऊन, दोन हात मारून! मत देऊन आलो की मी ते बोट हेव्याने न्याहाळतो. घाईत ओढलेला एक फराटा, पण काय धरलाय! एकदा केंद्रावरच्या बाईंना मी विचारलंही, “आधी पृष्ठभाग पुसून घ्यायला नको का?” त्या म्हणाल्या, “पुढे चला.”

तर, विमान. सध्या मी ‘मरुत’ रंगवतोय. कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या हाताखाली बंगळुरूच्या एचएएलने घडवलेलं, १७ जून १९६१ला पहिल्यांदा उडालेलं. याच टांकचं महायुद्धातलं फॉक-वुल्फ १९० रंगवायचं असेल तर काही चिंता नाही. आरएलएम ७४, ७५, ७६ अशा क्रमांकांच्या जर्मन राखाड्या आजही बाटलीत भरून मिळतात. हरलेल्या सैन्याच्या राखाड्यांना क्रमांक आहेत, आणि १९७१मध्ये राजस्थानच्या आघाडीवर लढलेल्या मरुतसाठी माझा दुकानदार म्हणतो, “साधारण ब्रिटिश चालेल की!”

चालेल हो. सगळं चालतंच. पण बंगळुरूच्या त्या शेडमध्ये कुणीतरी तो रंग ढवळला असेल, डबा संपत आला म्हणून दुसरा फोडला असेल, वरच्या साहेबाची बोलणी खाल्ली असतील. जुने फोटो बहुतेक काळेपांढरे, आणि संग्रहालयातल्या विमानावर कधी कुणी कितवा हात मारला ते देव जाणे. त्या रंगाऱ्यालाच विचारायला हवं, आणि तो आता नव्वदीकडे झुकला असेल. याचा मला खराखुरा राग येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून बाटल्या जोरात हलवतो.

अखेर माझी मीच एक राखाडी मिसळली. दसऱ्यात शेजारच्या आजींनी विमान मागून नेलं आणि दसऱ्याच्या बाहुल्या मांडायच्या पायऱ्यांवर थेट राजाराणीच्या बाहुल्यांशेजारी मांडलं. बघायला आलेल्या बायकांनी राणीचे दागिने पाहिले, आजींचे जरीकाठ पाहिले. मी कोपऱ्यात उभा राहून कुणी राखाडीबद्दल विचारतंय का याची वाट बघत होतो.

विचारलं आजींनीच, पण राजाबद्दल. त्याच्या नाकाचा टवका उडाला होता. “तुम्ही रंगवाले ना?” मी खुललो. गव्हाळ हवा की चंदनी, दरबारातला राजा धरायचा की उन्हात दसऱ्याच्या जंबू सवारीला निघालेला, असं विचारू लागलो.

“नाकाला नाकाचा रंग लावा,” आजी म्हणाल्या, “आणि पाचच्या आत आणून द्या. हळदीकुंकवाला बायका यायच्यात.”