देवधर्माला कुलूप

माहुरात राहणाऱ्याने घरखर्चाचा हिशोब संगणकावर ठेवू नये, असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.

मी ग्नूकॅश वापरतो. फुकटचं आहे, 1998 पासून चालत आलंय आणि कीर्द-खतावणीसारखी दुहेरी नोंद करतं. त्यात खात्याच्या पोटात खाती काढता येतात आणि वरच्या खात्याला 'नुसतं नावापुरतं' अशी खूण करता येते. तशी खूण केली की त्या खात्यात थेट नोंद होत नाही, पोटखात्यांची बेरीज तेवढी दिसते. मी ही खूण 'देवधर्म' खात्याला केली. खाली अभिषेक, ओटी-तांबूल, दत्तशिखर, अनसूया, वर्गणी अशी रीतसर पोटखाती. वर्षभर घरातल्या प्रत्येकाने 'देवधर्म' या शब्दाआड वाट्टेल ते लपवलं होतं, ते बंद करायचं होतं.

आबांना हे एकदम पटलं. ते सेवा सोसायटीत गटसचिव होते. म्हणाले, "मुख्य खात्याला पान द्यायचंच नसतं. पोटखात्याला द्यायचं. नाहीतर ऑडिटर चहा पिऊन उठत नाही, जेवूनच उठतो."

मग बँकेचा उतारा सीएसव्ही फाईल करून आत ओढला.

हा प्रोग्रॅम उतारा आत घेताना स्वतःची अक्कल वापरतो. मागच्या नोंदींच्या तपशिलातले शब्द सुटे करतो, कोणता शब्द कोणत्या खात्यात किती वेळा आला ते मोजतो आणि त्यावरून नव्या नोंदीचं खातं ठरवतो. बेझ नावाच्या अठराव्या शतकातल्या एका इंग्रज पाद्रीचं गणित आहे म्हणे. पाद्रीबुवा माहूरला आले नसावेत. इथे किराणा रेणुका, केशकर्तनालय रेणुका, पंक्चरवाला रेणुका, झेरॉक्सही रेणुका. जे रेणुका नाहीत ते दत्त, उरलेले अनसूया. त्यात बँक नाव अर्ध्यातच कापते. 'रेणुका के' म्हणजे केशकर्तनालय, केटरर्स की केळीवाला, हे आता देवीलाच माहीत.

शिवाय प्रोग्रॅम वारही बघतो. नोंद कोणत्या वारी झाली, हाही त्याच्या लेखी एक पुरावाच. आमच्याकडे मंगळवार-शुक्रवार देवीचे, गुरुवार दत्ताचा. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस आधीच वर्ग झालेले.

तेव्हा मोटरसायकलचं पंक्चर, मंगळवारी काढलेलं: देवधर्म. शुक्रवारची दाढी: देवधर्म. गुरुवारी दत्ताच्या नावाच्या दुकानातून घेतलेलं उंदराचं औषध: देवधर्म. मी म्हटलं, बरं, तसं तर तसं. त्या खात्यावर बोट ठेवायला गेलो, तर खिडकी उघडली: हे खातं नावापुरतं आहे, यात व्यवहार घेता येत नाही, दुसरं खातं निवडा. एका खोलीत सुचवायचं आणि दुसऱ्या खोलीत नाकारायचं, ही सरकारी कचेरीतली रीत परदेशी प्रोग्रॅमला कोणी शिकवली, कोण जाणे.

ज्या नोंदींना कुठेच थारा मिळत नाही त्या 'असंतुलन-आयएनआर' नावाच्या खात्यात जाऊन पडतात. आबा चष्मा वर करून म्हणाले, "उचंती म्हण की! पण पुढं आयएनआर कशाला?" चलनाप्रमाणे वेगळं असतं, म्हटलं. यावर ते खूष. निजामाच्या अमदानीत हाली आणि कलदार असे दोन रुपये चालत, शंभर कलदारला 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. आबांच्या वडिलांच्या वहीत दोन्हींचे रकाने वेगळे होते. "तुझ्या संगणकाला आत्ता सुचलं," एवढं बोलून त्यांनी चष्मा खाली घेतला.

देवधर्माच्या खात्याला त्या खुणेने कुलूपच लावलंय, असं मी आबांना सांगत होतो, एवढ्यात आईने 'कुलूप' हा शब्द ऐकला.

"देवीच्या खात्याला कुलूप लावलंस? नवरात्र तोंडावर आलंय!"

मी पडद्यावरच्या नोंदी वाचून दाखवल्या. बघ, पंक्चरसुद्धा देवधर्मात टाकतोय.

"गाडी कुठं पंक्चर झाली होती?"

"शिखराच्या घाटात. पुसदच्या मावशीला दर्शनाला नेताना."

"मग?"

"आणि दाढी?"

"पाहुणे दर्शनाला आलेले, यजमान काय झिपऱ्या घेऊन उभा राहणार?"

उंदराच्या औषधाला तर तिने विचारायचीही उसंत दिली नाही. उंदीर ओटीच्या खोबऱ्याला लागले होते. साडेतीन पीठांतल्या एका पीठाच्या पायथ्याशी घर असलं की नांदेड, लातूर, यवतमाळ सगळीकडच्या नात्यांना वर्षातून एकदा तरी देवी आठवते, आणि चहा-साखरेपासून गादीच्या कापसापर्यंत सगळा खर्च तिच्याच नावे पडतो, असं आईचं जुनंच म्हणणं. पाद्रीबुवांचं गणितही फिरून फिरून तिथेच पोचलं होतं. विरोधात उरलो मी आणि एक खूण.

तोडगा आबांनी काढला. आयुष्य सोसायटीत गेलेल्या माणसाला मुख्य खातं कधी उघडावं लागत नाही.

"कुलूप राहू दे. खाली एक पोटखातं काढ. देवधर्म, किरकोळ."

काढलं. प्रोग्रॅमला समजावून सांगावं लागलं नाही. दोन-चार नोंदी हाताने घातल्या, तेवढ्यावर तो शिकला. सध्या 'किरकोळ'मध्ये पंक्चर, दाढी, मोबाईलचं रिचार्ज आणि मावशीच्या नातवंडांनी खाल्लेल्या कुल्फ्या आहेत. अभिषेकाच्या खात्यात काहीच नाही, तो मावशीने केला. आबांनी बेरीज दोनदा तपासली आणि म्हणाले, "ऑडिटला चालतंय."