कार्डाचा सातबारा

बीड जिल्ह्यातील माणूस दस्तऐवज वाचण्यात कोणाला हार जाईल, असे आम्हांस वाटत नाही. निजामाच्या अंमलात ज्या मुलखाने सनदा, इनामे आणि वहिवाटी यांच्या तंट्यांत पिढ्यान्‌पिढ्या घालविल्या, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अंमल संपल्यावरही ज्याने तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविण्याचे व्रत सोडले नाही, त्या मुलखातला अंगठेबहाद्दर शेतकरीसुद्धा ‘मदतमाश’ आणि ‘खिदमतमाश’ या कानाला जुळ्या भासणाऱ्या दोन इनामांपैकी एकाची जमीन नजराणा भरून कशी मोकळी होते आणि दुसऱ्याची देवस्थानाच्या चाकरीला कशी जखडून राहत आली, हे पारावर बसून अस्खलित सांगतो. असा हा चिकित्सक माणूस मुलासाठी स्वस्तातले ग्राफिक्स कार्ड घ्यावयास बीडच्या सुभाष रोडवर येतो, तेव्हा त्याची ही सारी विद्या कोणत्या खुंटीला टांगलेली असते, हा एखाद्या प्रबंधाचा विषय व्हावा.

आमच्या परिचयाचे एक मुख्याध्यापक आहेत. जिल्हा परिषदेच्या सेवेत त्यांचे केस पिकले. प्लॉट घेताना तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, चतुःसीमा आणि मोजणीचा नकाशा पाहिल्यावाचून त्यांनी इसाराची दमडी हातची सोडली नव्हती. त्यांच्या चिरंजीवांनी अभ्यासासाठी ग्राफिक्स कार्ड आवश्यक असल्याचा अर्ज मातोश्रींमार्फत गुदरला, आणि त्या अभ्यासक्रमात परक्या शहरात मोटारी पळविणे व अनोळखी माणसांवर गोळ्या झाडणे या विषयांचा समावेश असला, तरी गुरुजींनी पाच हजार रुपयांची मंजुरी दिली. काचेच्या काउंटरवर दुकानदाराने खोके ठेवले. त्यावर ज्वाळा ओकणारा एक प्राणी होता आणि त्याच्या शेपटीपाशी ‘४ जीबी’ असा ठळक शिक्का होता.

“सर, चार जीबीचं हाय. डोळे झाकून न्या.”

“वॉरंटी?” गुरुजींनी विचारले.

“तीन वर्षं, सर. तुमाला काय कमी सांगू का?”

एवढ्यावर पंचनामा आटोपला.

त्या खोक्यातील कार्डाचे नाव जीटी ७३०. एनव्हिडिया कंपनीने २०१४ साली हे नाव बाजारात आणले आणि त्या एकाच नावाखाली तीन निरनिराळे जिन्नस विकावयास काढले: एकात जुन्या फर्मी घराण्याचे ९६ कोअर, उरलेल्या दोहोंत त्यानंतरच्या केप्लर घराण्याचे ३८४, आणि त्या दोहोंतही एकाच्या वाट्याला जीडीडीआर५ ही चपळ मेमरी, तर दुसऱ्याच्या नशिबी साधी डीडीआर३. चार जीबी हा आकडा म्हणजे सातबाऱ्यावरचे क्षेत्र होय. ते चार हेक्टर असले, पण त्यातले तीन पोटखराब्यात गेलेले असले, तर पेरणी करावयाची कोठे? डीडीआर३ची मंद मेमरी चौसष्ट बिटांच्या अरुंद वाटेने ये-जा करीत असता, चार जीबी भरून कामी यावी इतका उरक त्या चिपच्या अंगी मुळात नसतोच; परंतु क्षेत्राचा आकडा खोक्यावर मोठ्या टायपात असतो आणि पोटखराबा कोठेच नसतो.

याहून सुरस प्रकरण जीटी १०३०चे. २०१७ च्या मे महिन्यात आलेले हे कार्ड गरिबाला परवडणारे आणि कामाला प्रामाणिक होते. त्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती पुरवीत असे. पुढच्याच वर्षी त्याच नावाने दुसरे कार्ड निघाले, ज्यात डीडीआर४ मेमरी घालून हा पुरवठा १७ जीबीच्याही खाली आणला होता. खेळांतला वेग बहुतेक ठिकाणी निम्म्यावर आला, पण नाव तेच राहिले. खोक्यावर कोपऱ्यात ‘डी४’ एवढी खूण काय ती उरली. बागायतीचे पाणी तोडून सातबाऱ्यावर बागायतच ठेवावी आणि खातेदाराला नोटीसही काढू नये, असा फेरफार एखाद्या तलाठ्याने केला असता, तर गावाने कचेरीसमोर उपोषण मांडले असते. २०२४ साली आरटीएक्स ३०५०च्या सहा जीबीवाल्या अवताराने हाच कित्ता गिरविला: आठ जीबीच्या भावाचे २५६० कोअर, याचे २३०४, त्याची वाट १२८ बिटांची, याची ९६. दोन जीबी कमी एवढाच काय तो फरक, अशा समजुतीने गिऱ्हाईक पैसे मोजते.

जुन्या बाजारात तर तोतयांचा सुळसुळाट आहे. पेशवाईत भाऊसाहेबांचा तोतया ओळखण्यासाठी पुणे दरबाराला चौकशी बसवावी लागली. येथे २०१० सालच्या जीटीएस ४५०च्या बायोसमध्ये खाडाखोड करून ते कार्ड जीटीएक्स १०५० टीआय म्हणून उभे करतात आणि संगणकही त्याला त्याच नावाने हाक मारतो. जीपीयू-झेड हा फुकट मिळणारा प्रोग्राम २०१८ पासून अशा कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असा शेरा मारतो, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट. मात्र शेरा वाचावयास आधी कार्ड घरी आणावे लागते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमचे चलन कार्डांवर पाडण्याचा धंदा बंद पडला, तेव्हापासून रात्रंदिवस राबून थकलेली कार्डे ‘फक्त घरगुती वापर’ अशा दाखल्यानिशी विक्रीस येत असतात. त्या दाखल्यावर सही कोणाची, हे विचारण्यात अर्थ नाही.

विजेचे तर बोलूच नये. ज्या जिल्ह्यात परळीचे औष्णिक केंद्र आहे, आणि जेथे ते केंद्रच २०१५ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावे लागले, तेथल्या गल्लीतील दाब संध्याकाळी किती राहील हे देव जाणे. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर लिहिलेले वॅट हे लग्नपत्रिकेतल्या ‘आपले विनीत’खालच्या नावांइतकेच विश्वसनीय असतात. म्हणून ७५ वॅटच्या आत भागवून मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच वीज घेणारे, वेगळी वायर न मागणारे कार्ड पाहावे. जीटीएक्स १६५०ची पुष्कळ कार्डे अशी आहेत, आणि वर ज्याची निंदा केली तो सहा जीबीचा ३०५०ही या एका बाबतीत सुस्वभावी आहे. एएमडीचे आरएक्स ६४०० असेच मितव्ययी आहे खरे, पण ते चारच लेनवर चालते. जुन्या मदरबोर्डावर बसविल्यास त्याचा घसा बसतो.

आमचे मत कोणी विचारीत नाही, तरी सांगतो. पाच हजारांत कार्ड घेऊच नये. नवा संगणक जुळवावयाचा असेल, तर ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे असा रायझन ५ ५६०० जी सारखा प्रोसेसर घ्यावा आणि रॅमची एक कांडी घेण्याऐवजी निम्म्या आकाराच्या दोन घ्याव्यात. जीटी १०३० जे करील ते तो एकटाच करतो. कार्ड न घेण्याचा सल्ला आम्ही गुरुजींनाही दिला होता. परंतु त्यात खोके नाही, ज्वाळा ओकणारा प्राणी नाही आणि शेजाऱ्यांना दाखवावयास काही नाही, या तीन मुद्द्यांवर तो दप्तरी दाखल झाला.

कार्ड घरी आले. चिरंजीवांनी ते स्वहस्ते बसविले, पंखा फिरू लागला, आणि मॉनिटरची वायर मात्र जेथे होती तेथेच, मदरबोर्डाच्या मागच्या भोकात, राहिली. म्हणजे चित्र पूर्वीप्रमाणेच प्रोसेसरच्या पोटातून येत होते आणि कार्ड नुसते हवा खात होते. घरात तथापि सर्वांना फरक जाणवला. मातोश्रींना मालिकेतल्या सुनांच्या साड्यांचे काठ उठून दिसू लागले. गुरुजींनी शाळेतल्या शिपायालाही बोलावून शालार्थची पगारपत्रके किती स्पष्ट झाली आहेत हे दाखविले. पुढे चिरंजीवांचा एक जाणता मित्र आला, त्याने पाठीमागे वाकून पाहिले आणि वायर काढून कार्डाला लावली. खेळ सुरू केला, तो पूर्वीपेक्षा अडखळू लागला. कारण बाराव्या पिढीच्या त्या आय-३ प्रोसेसरच्या पोटातील ग्राफिक्स त्या डीडीआर३वाल्या ७३०पेक्षा बरेच चपळ निघाले. मित्र शहाणा होता. त्याने वायर मुकाट्याने पुन्हा जुन्या जागी लावली, “सर, कार्डाची सेटिंग करून दिली,” असे गुरुजींना सांगितले, आणि चहा घेऊन गेला.