गरम गरम, सगळ्यांना एकदम

पुरणपोळीच्या जेवणात एक माणूस कायम उपाशी असतं. तव्याजवळचं. "तू पण बस ना आता," असं बाकीचे अगदी कळकळीने म्हणतात आणि म्हणता म्हणता पुढची पोळी ताटात घेतात. थालीपीठ, घावन, भजी, सगळ्यांची अट हीच: एकाने उभं राहायचं, बाकीच्यांनी बसायचं.

म्हणून ओव्हनमधले भरलेले बन मला आवडतात. ट्रेवर आठ-दहा, सगळे एकदम तयार, सगळे सारखेच गरम. करणारीही पानावर बसते. चवीचा मुद्दा त्यानंतर.

बेकिंग म्हटलं की आपल्याकडे उगाच दडपण येतं. क्लास लावायला हवा, वजनकाटा हवा, नाना साचे हवेत! पण ज्या हातांना पुरणाचा उंडा भरता येतो त्यांना नवीन शिकण्यासारखं फार थोडं उरतं. पारीच्या कडा पातळ, मध्य जरा जाड. सारण ठेवायचं, अंगठ्याने आत दाबत कडा वर आणायच्या, चिमटीत गोळा करून तोंड बंद करायचं. पुढे पोळपाटाऐवजी ट्रे, एवढंच. उंडा तोंड खाली करून बसवायचा. करंजीचा आकार हवा असेल तर फडताळात कातणं आहेच.

पीठही साधं. 2 कप मैदा, चमचाभर इन्स्टंट यीस्ट, थोडी साखर, मीठ, तेल आणि कोमट पाणी. बोटाला चटका बसेल इतकं पाणी तापलेलं असेल तर यीस्ट मरतं. बाकी सगळं हवेवर. मुंबईच्या मे महिन्यात पीठ तासाभरात दुप्पट होतं. पुण्याच्या डिसेंबरात तेच पीठ ढिम्म हलत नाही. तेव्हा त्याच्याशेजारी गरम पाण्याचं पातेलं ठेवून बंद कपाटात कोंडावं आणि दर पाच मिनिटांनी दार उघडून बघू नये. हा शेवटचा नियम पाळणारं माणूस मला अजून भेटायचं आहे.

साधनांवाचून तसं आपलं कधी अडलेलं नाही. गोव्यात पाव पोर्तुगीजांबरोबर आला आणि तिथल्या पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, तो माडाच्या सुरेने फुगवला. आपल्याकडे दिवाळीआधी मैदा, तूप, साखर घेऊन बायका बेकरीत जात आणि नानकटाईचे डबे भरून आणत. पुढे झाकणाला काच असलेले गोल ॲल्युमिनियमचे ओव्हन आले. ज्यांच्याकडे तेही नव्हते त्यांनी कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाशी वाळू पसरली आणि केक केला.

सारणाचं म्हणाल तर माझं मत कोबीच्या भाजीला. दुपारी ताटाच्या कडेला सरकवलेली तीच भाजी, चीज किसून घातलं की संध्याकाळी बनमधून बिनबोभाट पोटात जाते. वर "आत काय घातलंयस? भारी लागतंय!" अशी दादही मिळते. उत्तर देऊ नये. तळलेलं नाही म्हणून पौष्टिक, असाही समज मात्र करून घेऊ नये. मैदा तो मैदाच, आणि भाजून झाल्यावर वरून फिरवलेलं लोणी काही हवेत विरत नाही.

सारण पूर्ण गार आणि कोरडं हवं, एवढं सांभाळा. गरम भाजीची वाफ आत कोंडते आणि बन खालून ओला राहतो. भरून झाले की अर्धा तास झाकून ठेवा, वरून दुधाचा हात फिरवा आणि तापलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर साधारण 20 मिनिटं भाजा. वर बदामी रंग आला की झालं. आणि उद्याच्या डब्यासाठी दोन हवे असतील, तर ते ट्रे टेबलावर यायच्या आधीच बाजूला काढा.