गेट म्हणजे मिळणे

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला लागायचं. 'लागायचं' हाच शब्द बरोबर, कारण मे महिन्यापर्यंत धडधाकट असलेली पोरं जूनमध्ये एकाएकी सुकायची. 2000 सालापासून ते पहिलीलाच लागायला लागलं. गोवर जितका लहानपणी येऊन जाईल तितका बरा, त्यातलाच प्रकार.

करमाळ्यात आमच्या सरांनी पहिल्या आठवड्यातच फळ्यावर तीन अक्षरं लिहिली आणि विचारलं, "गेट म्हणजे काय?" मागच्या बाकावरचा एक जण जेऊरकडून यायचा. आगगाडीशी त्याचा रोजचा संबंध. तो आत्मविश्वासानं उभा राहिला. "सर, गेट पडतं."

"ते गेट वेगळं. हे गेट म्हणजे मिळणे," सर म्हणाले आणि त्याला दोन छड्या दिल्या. मग त्याच छड्यांवर वाक्य करून घेतलं. व्याकरण आणि उदाहरण इतकं जवळजवळ मला पुढं कधीच भेटलं नाही.

मिळणे! एवढी एक किल्ली हातात आली आणि आम्ही दिसेल ते कुलूप उघडत सुटलो. गेट अप, वर मिळणे. गेट इन, आत मिळणे. गेट आउट, बाहेर मिळणे. हे तिसरं सर रोज कुणाला तरी म्हणायचेच, आणि फाटकाबाहेर एक म्हातारी खरोखरच बोरं-चिंचा घेऊन बसायची. त्यामुळं अर्थाबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती.

त्या वर्षी आबा बैलगाडीवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. आबा म्हणजे माझे आजोबा. महिन्याभरात मुंबईहून त्यांच्या जावयाचं, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांचं कार्ड आलं. वर गुलाबाचं फूल, खाली इंग्रजीत तीन शब्द. घरात इंग्रजी लागलेला मी एकटाच. मला आबांच्या खाटेशी उभं केलं. आजी चुलीपासून उठून आली, धाकटे काका दारात टेकले. पहिला शब्द गेट, म्हणजे मिळणे. दुसरा वेल. पुस्तकातल्या चित्रात वेल म्हणजे विहीर होती, शेजारी बादलीही. तिसऱ्या शब्दावर मी अडखळलो. मग लक्षात आलं की तो मराठीच आहे. सून. लिहिता लिहिता जावयांचं इंग्रजी संपलं असेल, असं वाटलं.

मी मोठ्यानं अर्थ सांगितला, "विहीर मिळो, सून मिळो."

घर गप्प झालं. आबांनी 72 च्या दुष्काळात खोदायला घेतलेली विहीर आठ परसावर खडकाला टेकली होती. त्यात पावसाळ्यात बेडकं आणि उन्हाळ्यात शेजाऱ्यांची टिंगल, याखेरीज काही साठत नसे. धाकटे काका तिशीला आले होते आणि लग्न कुठं जमत नव्हतं. आबांचे डोळे भरून आले. "बाकीचे येत्यात, पाय दाबून बघत्यात, च्या पिऊन जात्यात. पाव्हण्यानं बराबर वळखलं बघा, दुखतंय कुठं ते."

आभाराचं पत्र इंग्रजीतच जावं, असं ठरलं. मी पोस्टकार्डावर लिहिलं, "वुई गॉट वेल. वॉटर नॉट गॉट." आठव्या दिवशी जावई जेऊर स्टेशनावर उतरले, हातात ग्लुकोजचे चार पुडे. पेशंटला पाणी पाजत नाहीत, असा त्यांचा समज झाला होता. आबा कुबडी टेकत टेकत त्यांना थेट विहिरीच्या काठाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "बघा." आजारी सासऱ्याच्या बोटाखाली आठ परस खोल खड्डा दिसल्यावर मुंबईचा माणूस दोन पावलं मागं सरकला.

पुढं कळलं की घोळ माझा एकट्याचा नव्हता. ऑक्सफर्डच्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत 'सेट' या एका क्रियापदाचे 430 अर्थ होते. मग 'रन' त्याच्याही पुढं पळालं. 2011 मध्ये त्याचे अर्थ 645 मोजले गेले, आणि ते लावायला एका संपादकाला नऊ महिने लागले. नऊ महिन्यांत आमच्याकडं निदान बारसं तरी होतं. मोठमोठे शब्द बिचारे एकाच अर्थाला जन्मभर चिकटून राहतात. राबतात ही असली दोन-तीन अक्षरी गडीमाणसं.

आपल्या घरचा असा गडी म्हणजे 'लागणे'. सरांनी मिळणेऐवजी हा शब्द दिला असता तर निम्मं इंग्रजी तिथंच सुटलं असतं. इंग्रजाला भूक, नोकरी, जखम आणि नाइलाज सगळं गेट होतं. आपल्याला भूक लागते, नोकरी लागते, नुसतंच लागतं, आणि जावं लागतं. शिवाय डोळा लागतो, दृष्ट लागते, निकाल लागतो, फोन लागत नाही, आणि "हे तुमचे कोण लागतात?" असंही विचारता येतं. करमाळ्याच्या स्टँडवर कुणी "लागली का?" म्हटलं तर आधी त्याचं तोंड बघावं. बार्शीची गाडी फलाटाला लागलेली असू शकते, किंवा त्याला गाडी लागलेली असू शकते. दुसऱ्या प्रकारात खिडकीची जागा ताबडतोब सोडावी.

फरक एवढाच की इंग्रज स्वतः उठून भूक 'गेट' करतो. आपण बसलेले असतो. भूक, झोप, ऊन, नोकरी ही मंडळीच आपला पत्ता शोधत येतात आणि लागतात. मला ही मांडणी जास्त खरी वाटते, निदान आमच्या तालुक्यापुरती. जेऊरच्याच नागराज मंजुळे यांच्या 2016 च्या 'सैराट'मध्ये आर्ची मराठी न कळणाऱ्याला इंग्रजीत सांगायची धमकी देते खरी, पण गाण्यात याड लागतंच. याड 'मिळालं' असतं तर परश्या विहिरीकडं धावला नसता, पावती फाडायच्या रांगेत उभा राहिला असता.

पाणीही लागावंच लागतं. कमलाभवानीच्या देवळाजवळ 96 पायऱ्यांची बारव आहे. लहानपणी मोजताना माझ्या कधी 94 भरायच्या, कधी 98. तेवढं खाली उतरून निंबाळकरांच्या काळातल्या माणसांना पाणी लागलं. आमच्या आबांना लागलं नाही. पाणाड्या आला, तळहातावर नारळ आडवा धरून शेतभर फिरला, नारळ उभा राहिला, बोअर घेतलं. दोनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा.

काकांचं लग्न मात्र त्याच वैशाखात लागलं. म्हणजे कार्डातला शेवटचा शब्द खरा झाला. ते कार्ड आजीनं देव्हाऱ्याच्या फळीवर कायम जपून ठेवलं होतं.

तेव्हा करमाळ्याकडं कुणी आजारी पडलं तर असलं कार्ड खुशाल पाठवा. फक्त खाली कोपऱ्यात, किती फुटांवर लागेल, तेवढं लिहा.